शहराच्या वेशीवरची शेती : जुन्या मळ्याकडून नव्या पद्धतीकडे

जळगांव व धुळें हीं दोन्ही शहरें आपल्या डोळ्यांदेखत शेजारच्या शिवारांत पसरत चाललीं आहेत. २०११ च्या शिरगणतींत जळगांवची लोकवस्ती ४,६०,२२८ व धुळ्याची ३,७५,५५९ भरली. त्यापूर्वींच, २००३ सालीं, दोन्ही ठिकाणीं नगरपालिका जाऊन महानगरपालिका आल्या होत्या. शहर वाढलें म्हणजे खाणारीं तोंडें वाढतात व त्याच वेळीं जवळची पिकती जमीन घटते. दर माणशीं रोज दोनशें ग्रॅम भाजी धरली, तर २०११ च्या वस्तीच्या मानानेंच एकट्या जळगांवास दररोज सुमारें ९२० क्विंटल भाजी पाहिजे. ही भाजी कोठून तरी यावयाचीच. ती वेशीवरच्या शेतकऱ्याची असावी, कीं लांबून ट्रकनें आलेली असावी, एवढाच प्रश्न आहे.

जळगांवालगतच्या मेहरूण शिवाराचें नांव बोरांमुळें सर्वत्र झालें. आज त्या शिवारांत घरें उभीं आहेत व मेहरूणचें बोर हें बऱ्याच अंशीं आठवणीचें फळ होऊन बसलें आहे. वेशीवर ज्यांची जमीन आहे अशा आमच्या वाचकांपुढें तीन वाटा असतात. पहिली, जमिनीचे प्लॉट पाडून विकणें. दुसरी, पूर्वीप्रमाणेंच कापूस-ज्वारी करीत राहणें. तिसरी, शहराच्या गरजेचें अन्न नव्या पद्धतीनें पिकविणें. शेडनेट, पॉलिहाऊस, बिनमातीची शेती हे शब्द आतां गांवोगांवीं कानीं पडतात. या तिसऱ्या वाटेनें जाणाऱ्यानें पाऊल कसें टाकावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शहर व शेत यांचें जुनें नातें

शहराजवळ भाजी करण्यांत नवें कांहीं नाहीं. शहरानें खत द्यावें व मळ्यानें भाजी द्यावी, असा हा जुना व्यवहार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या नगरपालिकेचें सोनखत ऊंसवाले बागाईतदार विकत घेऊन नेत. धुळ्याहून आग्रा रोडनें पुढें गेलें म्हणजे इंदूर लागतें. तेथें अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची रीत बसविली, व ती ‘इंदूर पद्धत’ या नांवानें जगभर गेली. पुढें बंगलोर येथें डॉ. आचार्य यांनीं शहरांतील केरकचरा व मैला यांचें खत करण्याची पद्धत घालून दिली.

परदेशांतही हेंच दिसतें. शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं पॅरिस शहराच्या पोटांत व कडेला माळी लोकांचे शेंकडों मळे होते. शहरांतील घोड्यांची लीद आणून तिचे ते वाफे भरीत, तिच्या उष्णतेवर व कांचेच्या घंटांखालीं कडाक्याच्या थंडींतही कोंवळी भाजी काढीत. मोटारी आल्या, घोडे गेले, लीद मिळेनाशी झाली. जमिनीचे भावही चढले. आणि ते मळे मोडले. यावरून घेण्याचा बोध असा कीं, शहरी शेतीची पद्धत कितीही कुशल असली तरी ती ज्या पुरवठ्यावर उभी आहे तो आपल्या हातीं आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आजच्या नव्या पद्धतींत लिदीची जागा वीज, पाणी व विकतचीं खतें यांनीं घेतली आहे, इतकेंच.

नव्या पद्धती म्हणजे काय

नांवें पुष्कळ असलीं तरी यांचे चार वर्ग पडतात. पहिला शेडनेटचा. खांबांवर सावलीची जाळी ताणली म्हणजे ऊन निम्म्यावर येतें, वारा मोडतो व पाण्याची वाफ कमी होते. दुसरा पॉलिहाऊसचा. यांत प्लॅस्टिकचा कागद असल्यामुळें पाऊसही अडतो. तिसरा बिनमातीच्या शेतीचा. रोप कोकोपीटमध्यें किंवा नुसत्या वाहत्या पाण्यांत वाढवून सर्व अन्न पाण्यांत विरघळवून द्यावयाचें. ही कल्पना आपल्या देशास अगदींच नवी नाहीं. बंगालमधील कालिंपाँग येथें शोल्टो डग्लस यांनीं १९४६ पासून तिचे प्रयोग केले. चौथा वर्ग बंद इमारतींत, दिव्यांच्या उजेडावर, फळ्यांच्या थरांवर पिकविण्याचा.

चौथ्या वर्गाविषयीं थोडक्यांत सांगून तो बाजूस ठेवतों. सूर्याचें काम विजेकडून करून घ्यावयाचें म्हणजे बिल भरावें लागतें, व त्यांत पालेभाजीपलीकडे सहसा कांहीं परवडत नाहीं. अमेरिकेंत या धंद्यांत अग्रेसर म्हणून गाजलेल्या एरोफार्म्स कंपनीस जून २०२३ मध्यें दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. खानदेशांत ऊन फुकट आहे. आपली अडचण तें जास्त आहे ही आहे.

पॉलिहाऊसलाही येथें हीच अडचण येते. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर राहूं लागली कीं टोमॅटोचीं फुलें गळतात व फळ धरत नाहीं. प्लॅस्टिकखालीं उष्णता आणखी वाढते. पंखे व ओल्या गाद्या लावून ती उतरवितां येते, कारण आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते. परंतु जेव्हां पाण्याची चणचण व विजेची ओढाताण असते त्याच महिन्यांत हीं दोन्ही जास्त लागतात. सबब खानदेशांत पहिली पायरी शेडनेटची, असें आमचें मत आहे.

केळीनें शिकविलेला धडा

नवी पद्धत पचविण्याचें उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. बसराई व श्रीमंती या जातींचे कंद लावून, पाटाच्या पाण्यावर अठरा-अठरा महिने केळी सांभाळण्याची आपली जुनी रीत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आलें. त्याचा प्रसार करण्यांत जळगांवचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या कारखान्याचा मोठा वांटा आहे. ठिबक अंगवळणीं पडल्यावर, १९९० नंतरच्या दशकांत ग्रँड नैन जातीचीं ऊतिसंवर्धित रोपें आलीं व पहिलें पीक अकरा-बारा महिन्यांत निघूं लागलें. त्यामागून खत पाण्यांतून देणें, घडावर पिशवी घालणें, फण्या खोक्यांत भरणें हें आलें. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

यांत ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, शेतकऱ्यानें एका वेळीं एकच गोष्ट बदलली. पाणी देण्याची रीत बदलली तेव्हां पीक ओळखीचें होतें. रोप बदललें तेव्हां पाण्याची रीत हातची झाली होती. जमीन व गिऱ्हाईक तर दोन्ही वेळीं जुनेंच होतें. कांहीं चुकलें तर नेमकें कोठें चुकलें हें कळत असे. उलट, आज शहरी शेतीच्या नांवाखालीं एकदम चार गोष्टी बदलण्याचा सल्ला मिळतो : कापसाच्या जागीं रंगीत ढोबळी मिरची, उघड्या रानाच्या जागीं पॉलिहाऊस, मातीच्या जागीं कोकोपीट, व ओळखीच्या अडत्याच्या जागीं दूरच्या शहरांतील कंपनी, आणि हें सर्व कर्जावर. यांत नुकसान आलें तर दोष कोणाचा हें सांपडत नाहीं, आणि हप्ता मात्र थांबत नाहीं. म्हणून आमचें मुख्य सांगणें एवढेंच कीं, *एका हंगामांत एकच गोष्ट नवी करावी.* तिचा क्रम पुढीलप्रमाणें असावा.

पहिली पायरी : गिऱ्हाईक

जाळी उभारण्यापूर्वीं गिऱ्हाईक जोडावें. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक झाली आहे. त्याच वर्षीं संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजाराची योजनाही शासनानें काढली. या मोकळीकीचा खरा लाभ वेशीवरच्यालाच आहे. सकाळीं सहाला खुडलेली मेथी आठला घरोघर पोंचणें हें लांबच्या व्यापाऱ्यास साधणार नाहीं.

आहे त्याच रानांत, आहे त्याच पाण्यावर, पांच गुंठे भाजी करून एक वर्ष स्वतः विकावी. मेथी, पालक, कोथिंबीर, गंवार, भेंडी, आणि आपलें भरताचें वांगें. जळगांवच्या भरिताच्या वांग्यासही २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून तें दुसरीकडे सहज मिळत नाहीं. सर्व वाफे एकदम न पेरतां दर आठवड्यास एक वाफा पेरावा, म्हणजे गिऱ्हाइकास खंड पडत नाहीं व भाव पडल्यास सगळाच माल त्यांत सांपडत नाहीं. वर्षभर रोजचा खप व भाव वहींत लिहावा. कोणत्या महिन्यांत कोणती भाजी महाग होते हें ती वही सांगेल, व जाळीखालीं काय लावावें याचें उत्तरही तींतच मिळेल. बहुधा तें उत्तर ‘उन्हाळ्यांतील कोथिंबीर व पालेभाजी’ असें निघतें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. केळीच्या बागेलगत काकडीवर्गीय भाज्या, टोमॅटो किंवा मिरची करूं नये. २०२० सालीं रावेर-यावलकडे कुकुंबर मोझॅक विषाणूमुळें शेतकऱ्यांना केळीचीं कोंवळीं झाडें उपटून टाकावीं लागलीं. हा विषाणू या भाज्यांवर राहतो व मावा त्यास केळीवर नेतो. पांच गुंठ्यांच्या काकडीपायीं पांच एकरांची केळी धोक्यांत घालणें हा व्यवहार नव्हे.

दुसरी पायरी : पाणी

विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. आपलें पाणी बहुतेक ठिकाणीं जड आहे, त्यानें ठिबकचीं छिद्रें क्षारांनीं बुजतात. पूर्णेच्या खोऱ्याकडे तर खारेपणा पिकास बाधतो. अशा पाण्यावर बिनमातीची शेती करूं पाहणाऱ्यास पाणी शुद्ध करण्याचें यंत्र आधीं घ्यावें लागेल, हें ध्यानांत ठेवावें.

शहराच्या खालच्या अंगास ज्यांची जमीन आहे त्यांना नाल्याचें पाणी बारमाही मिळतें, व त्यांत खताचा अंश असल्यानें भाजीही हिरवीगार दिसते. मुंबईंत रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यांत गटाराच्या पाण्यावर केलेल्या पालक-माठाविषयीं किती ओरड झाली हें पुष्कळांस ठाऊक असेल. मैल्याच्या पाण्यांत जंतांचीं अंडीं व रोगजंतु असतात. कारखान्यांचें पाणी मिसळलें तर शिसें व कॅडमियम हे धातु पालेभाजींत उतरतात व ते धुऊन जात नाहींत. कच्च्या खाण्याच्या भाजीस द्यावयाच्या पाण्यांत दर लिटरला जंताचें एकाहून अधिक अंडें नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालींच सांगून ठेवलें आहे. नाल्याचें पाणी या कसोटीस उतरणें शक्य नाहीं. तें पाणी चालवावयाचेंच असेल तर कापसास किंवा बांधावरच्या लांकडी झाडांस चालवावें, ताटांत जाणाऱ्या भाजीस नव्हे. शेजाऱ्याच्या घरीं दुखणें पोंचविणारा माल एकदां ओळखला गेला कीं वेशीवरच्या सगळ्याच मळ्यांचें नांव जातें.

हीच सावधगिरी शहरी खताबाबत बाळगावी. शहरी कंपोस्टास राज्य शासनानें ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हें नांव दिलें आहे. घेतांना तें वाळलेलें, वास नसलेलें व चाळलेलें पाहून घ्यावें. कांच व प्लॅस्टिक दिसल्यास परत करावें.

पाऊस हा तिसरा साठा. पुढेंमागें दहा गुंठ्यांचें पॉलिहाऊस झालेंच, तर त्याच्या छपराचें क्षेत्र १०,८९० चौरस फूट होतें. वर्षाचा पाऊस २४ इंच धरला तर त्यावर सुमारें सहा लाख लिटर पाणी पडतें. पन्हळी लावून त्यांतील पांच लाख लिटर जरी शेततळ्यांत धरलें, तरी रोज तीन हजार लिटर प्रमाणें तें साडेपांच महिने पुरेल. मात्र तळें झांकलेलें पाहिजे, नाहीं तर उन्हाळा त्यांतील मोठा वांटा नेतो. हें पाणी गोडें असतें, विहिरीच्या जड पाण्यांत मिसळून वापरण्यास फार उपयोगी.

तिसरी पायरी : जाळी

गिऱ्हाईक व पाणी हीं दोन्ही बसलीं म्हणजे पांच गुंठ्यांवर पन्नास टक्के सावलीची जाळी घालावी. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तिच्याखालीं पालेभाजी घ्यावी. पावसाळ्यांत टोमॅटो, मिरची, वांगें व कोबी यांचीं रोपें ट्रेमध्यें कोकोपीट भरून तयार करावीं. बिनमातीच्या शेतीची ही पहिली इयत्ता होय, व तींत चूक झाली तर थोड्या बियांपलीकडे जात नाहीं. थंडींत जाळी गुंडाळून ठेवावी, कारण तेव्हां पिकास ऊन हवें असतें व जाळीचेंही आयुष्य वाढतें. वळवाच्या वादळापूर्वीं खांब, तारा व जाळीचे सांधे न चुकतां पाहावेत.

त्याच जागीं तींच तीं पिकें घेतल्यास दोन-तीन वर्षांत मातींत सूत्रकृमि माजतात व मुळांवर गांठी येतात. यावर खानदेशचा उन्हाळाच औषध आहे. वैशाखांत एखादा भाग रिकामा ठेवून जाळी बाजूस करावी, माती भिजवावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीनें दाबाव्यात व चार ते सहा आठवडे तसेंच ठेवावें. आंतील उष्णतेनें कृमि, बुरशी व तणाचें बीं बरेंचसें मरतें. पुढें त्या भागांत एक पीक झेंडूचें घ्यावें. फुलांना शहरांत सणासुदीस मागणी आहेच.

चौथी पायरी : बिनमातीची शेती

ही सर्वांत शेवटीं. काळी जमीन चुका पोटांत घालते. दोन दिवस पाणी चुकलें तरी पीक तग धरतें, खत थोडें अधिक झालें तरी ती सोसते. वाहत्या पाण्यांतील रोपास ही सवलत नाहीं. उन्हाळ्याच्या दुपारीं कांहीं तास पंप बंद राहिला कीं वाफाच्या वाफा माना टाकतो. पाण्याची आम्लता साडेपांच ते साडेसहाच्या दरम्यान रोज राखावी लागते, क्षारांचें मान रोज मोजावें लागतें. घरांतील एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी हें काम नित्य पाहणार असेल, विजेची दुसरी सोय असेल, व हॉटेलें किंवा दुकानें यांचा ठरलेला खप असेल, तरच एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावें.

हिशेब कसा मांडावा

केवळ रीत दाखविण्याकरितां आंकडे धरतों. समजा, पांच गुंठ्यांच्या सांगाड्यास दोन लाख रुपये लागले व तो दहा वर्षें टिकेल. जाळीस साठ हजार लागले व ती चार वर्षें टिकेल. म्हणजे सांगाड्याचे दरसाल २०,००० व जाळीचे १५,०००, एकूण ३५,००० रुपये झीज झाली. दर गुंठ्यास दरसाल ७,००० रुपये पडले. बियाणें, खत, मजुरी, वीज व व्याज यांच्याही आधीं हे निघाले पाहिजेत. उघड्या रानांतील भाजीपेक्षां जाळीखालील भाजी एवढें अधिक देते काय, हें पहिल्या वर्षाची वही सांगेल. देत नसेल तर जाळी घालूं नये.

सरकारी अनुदान ठराविक मर्यादेंत निम्म्या खर्चापर्यंत मिळतें. परंतु तें काम पुरें होऊन तपासणी झाल्यावर हातीं येतें. तोंवर सगळी रक्कम आपणांस उभी करावी लागते. म्हणून अनुदान वजा न धरतां हिशेब करावा, व मिळालें तर तें पुढच्या जाळीकरितां बाजूस ठेवावें.

कागदपत्रें

महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें एवढें आम्हीं खात्रीनें सांगूं शकतों कीं, पीक बुडाल्यानें जेवढ्या जमिनी जातात त्यांहून कागद न पाहिल्यानें कमी जात नाहींत. महानगरपालिकेच्या हद्दींत किंवा तिच्या कडेला जमीन असेल तर नगररचना कार्यालयांतून आपला गट विकास आराखड्यांत कोणत्या विभागांत आहे याचा दाखला घ्यावा. रस्त्याकरितां आरक्षित जागेवर दहा वर्षांचा सांगाडा उभारण्यांत अर्थ नाहीं. जमीन सामाईक असल्यास महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणें वांटप आधीं करून घ्यावें. जाळीचा नफा दिसूं लागल्यावर भाऊबंदकी उठते. विहिरीच्या पाळ्यांची नोंद आहे कीं नाहीं तें पाहावें. कर्ज काढल्यास बोजा सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त चढतो, तो जाळीच्या गटापुरताच राहील असें पाहावें, सर्व खात्यावर चढूं देऊं नये. ई-पीक पाहणींत भाजीची नोंद दर हंगामास स्वतः करावी, म्हणजे नुकसानीच्या वेळीं पुरावा राहतो.

आणि प्लॉट पाडण्याच्या मोहाविषयीं. विकणें हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. त्यांत आम्हीं उपदेश करीत नाहीं. परंतु एकदां बिनशेती झालेली जमीन फिरून मळा होत नाहीं. शिवाय १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सगळी जमीन विकून बसलेल्याच्या मुलांस पुढें दुसरीकडे दोन एकर घेतांना आपण शेतकरी असल्याचें शाबीत करीत हिंडावें लागतें. सबब विकावयाचें झालेंच तर कांहीं शेत नांवावर अवश्य राखावें.

यंदां ज्यांचा विचार होईल त्यांनीं पावसाळा संपतांच विहिरीचें पाणी तपासावें, विकास आराखड्याचा दाखला आणावा, व कार्तिकांत पांच गुंठ्यांची पहिली भाजी पेरून वही सुरू करावी. जाळीचा विचार पुढल्या वर्षीं. शेजारच्या पांच-सहा जणांनीं मिळून हें केलें तर पेरणीचे आठवडे वांटून घेतां येतील, एकाच गाडीनें माल शहरांत जाईल, व आपल्या मंडळाच्या बैठकींत सहा वह्या शेजारीं ठेवून पाहतां येतील.